रेझिन वाळण्याचे दिवस

ऑक्टोबरचा दुसरा आठवडा सुरू झाला की प्रयोगशाळेच्या भिंतीवरचा आर्द्रतेचा काटा मी दिवसातून दहा वेळा बघते. खरं तर काहीच गरज नसते. गुजरातेतल्या या कारखान्यात आमची खोली बारा महिने थंड आणि कोरडी ठेवलेली असते. काटा जिथे जूनमध्ये असतो तिथेच जानेवारीत असतो. माझ्या हाताखालची मुलगी एकदा म्हणालीही, "मॅडम, बिघडलाय का तो?" मी म्हटलं, "नाही गं, सवय आहे." कसली सवय, ते तिला सांगत बसले नाही.

महाडला या दिवसांत हवा सुकते. चार महिने तिथे सगळं ओलं असतं. मिठाला पाणी सुटतं, काड्यापेटी तव्यावर शेकवून घ्यावी लागते, कपड्यांना दोरीवरच कुबट वास येतो. सावित्री वाढली की बाजारपेठेतली माणसं सामान वरच्या मजल्यावर चढवतात आणि पाणी उतरलं की पुन्हा खाली आणतात. आमच्या मोहल्ल्यातल्या घराच्या खालच्या भिंतींना तर गळ्यापर्यंत ओल असायची. आणि मग एका सकाळी, चार महिने फुगून बसलेलं न्हाणीघराचं दार नुसत्या हातानं लागतं. कडी सरळ पडते. त्या कडीच्या आवाजानं मला कळायचं, पाऊस गेला.

अब्बांना हे माहीत नव्हतं. आपल्याच गावचा ऑक्टोबर त्यांनी अठ्ठावीस वर्षं पाहिला नव्हता.

ते मस्कतला होते. आमच्या मोहल्ल्यातली निम्मी माणसं आखातात होती, पण कुणी ड्रायव्हर, कुणी स्टोअरकीपर, कुणी फिटर. अब्बा एका हॉटेलात बेस गिटार वाजवायचे. पाच जणांचा बँड, रोज संध्याकाळी जेवणाऱ्या पाहुण्यांसमोर. तरुणपणी मुंबईत एका ऑर्केस्ट्रात सामान उचलायला म्हणून लागले, तिथे बेसवाला आजारी पडला की त्याच्या जागी उभे राहू लागले, आणि तिथूनच पुढे गेले. दोन वर्षांनी एकदा यायचे, तेही मे महिन्यात, लग्नसराईत. महिनाभर राहायचे. घर भरलेलं असायचं, माणसांची ये-जा, दावती. मी दाराआडून त्यांच्याकडे बघायचे. पाहुण्यासमोर वागावं तशी नीट वागायचे. मग ते जायचे, आणि अम्मी त्यांच्या खोलीतली चादर काढून धुवायला टाकायची.

ते कायमचे परत आले तेव्हा मी तिशीला टेकले होते आणि बिरवाडीच्या बाजूला एका रेझिन बनवणाऱ्या कंपनीत केमिस्ट होते. सकाळी मिनीडोअर रिक्षानं जायचे, संध्याकाळी तशीच परत. अब्बांच्या सामानात दोन बॅगा होत्या आणि एक लांब काळी पेटी. पेटीत बेस. इतक्या वर्षांत तो पहिल्यांदाच घरी आला होता. सुट्टीवर येताना अब्बा तो तिकडेच ठेवून यायचे. म्हणजे ज्या वाद्यामागे आमच्या घरातला माणूस गेला होता, ते आम्ही कुणी पाहिलंही नव्हतं, ऐकलंही नव्हतं.

अम्मीनं पेटीकडे एकदा बघितलं. "ही हाय होय," म्हणाली, आणि चहा टाकायला आत गेली.

परत येण्याचं कारण कान होते. वर्षानुवर्षं ड्रमच्या झांजांशेजारी उभं राहून ते थकले होते. पुण्याच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की जे गेलंय ते यायचं नाही, आणि आहे तेही हळूहळू जाईल. मी सोबत होते. अब्बांनी विचारलं, "सगळं एकदम?"

"नाही. आधी बारीक आवाज जातील. पक्ष्यांचे, मुलांचे, बायकांचे. जाड आवाज सगळ्यांत शेवटी."

घाटातून परत येताना अब्बा बराच वेळ खिडकीबाहेर बघत होते. घरी येऊन त्यांनी अम्मीला सांगितलं ते हसत हसत. "तुझा आवाज आधी जाणार. मग नसीमचा. आणि बेस सगळ्यांत शेवटी."

अम्मी तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "बघा. इथंपण शेवटपर्यंत तिचीच सोबत."

अब्बा हसले. मीही हसले. पण त्या रात्री जेवताना मी जरा जास्तच बोलले. काय बोलले ते आठवत नाही. कारखान्यातलं काहीतरी, कुणीतरी चुकीचं लेबल लावलं त्याचा किस्सा. आवाज आहे तोवर वापरून घ्यावा, असं काहीसं मनात आलं असावं.

दोन-चार दिवसांनी त्यांनी मला वरच्या खोलीत बोलावलं. बेस गादीवर आडवा ठेवला होता. चार जाड तारा, आणि तारांखाली शिसवी लाकडाची लांब काळसर पट्टी. पट्टीवर धातूचे वीस पडदे. सतारीला असतात तसेच, फक्त इथे ते लाकडात ठोकून बसवलेले. बोट दोन पडद्यांच्या मध्ये कुठेही ठेवलं तरी स्वर बरोबरच येतो.

"हे काढायचेत," अब्बा म्हणाले.

"सगळे?"

"सगळे. बिनपडद्याचा बेस असतो. मस्कतला शेजारच्या हॉटेलात एकाकडे होता. पाच मिनिटं त्यानं मला हातात दिलेला." त्यांनी हवेत बोट सरकवलं. "मींड येते त्याच्यावर. गाणाऱ्याच्या गळ्यातून निघते तशी. आयुष्यभर मी पायऱ्यांवरून चढलो-उतरलो. आता एकदा घसरायचंय."

"मग तेव्हाच का नाही केलंत?"

"चुकलो तर? हॉटेलवाल्याला बरोबर स्वर पाहिजे. बिनपडद्याचा वाजवायचा तर प्रत्येक स्वर कानानं शोधावा लागतो." त्यांनी कानाच्या पाळीला हात लावला. "आता कान हायत तोवर करून घेतो."

पडदे काढले की तारा थेट लाकडावर घासणार. तारा लोखंडी, त्यावर बारीक वळ्यांचं वेष्टण. शिसव कितीही कठीण असलं तरी वर्षभरात त्यात खाचा पडतील. म्हणून पट्टीवर काचेसारखा कडक थर द्यायचा, इपॉक्सी रेझिनचा. अब्बांना हे त्या मस्कतच्या माणसानं सांगितलं होतं. "त्यानं कंपनीचं नाव लिहून दिलेलं, कुठं मिळतं ते," अब्बा म्हणाले, आणि खिशातली चिठ्ठी काढू लागले. मी त्यांचा हात धरला.

"अब्बा, मी दिवसभर तेच तर बनवते."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी रेझिनच्या कंपनीत आहे हे त्यांना माहीत होतं, पण रेझिन म्हणजे हे, हे त्यांना माहीत नव्हतं. मलाही बेस म्हणजे काय ते कुठे माहीत होतं?

मॅनेजरसाहेबांची परवानगी काढून मी नमुन्याच्या दोन बाटल्या घरी आणल्या. एक रेझिनची, एक ते घट्ट करणाऱ्या हार्डनरची. सप्टेंबर संपत आला होता. पडदे अब्बांनीच काढले, तापलेल्या सोल्डरिंग गननं एकेक पडदा गरम करून, पकडीनं हळूहळू उचलत. वीस पडदे निघायला दोन दिवस लागले. उरलेल्या खाचांत शिसवाचा भुसा आणि गोंद भरला, म्हणजे पट्टी एकसारखी काळी दिसावी, कुठे काही होतं याची खूणही राहू नये. त्यांना तशीच हवी होती.

रेझिन लावायचं ठरलं त्या दिवशी सकाळपासून ढग होते. न्हाणीघराचं दार अजून अडत होतं. मला ठाऊक होतं की अशा हवेत रेझिन नीट वाळणार नाही. हवेतलं पाणी हार्डनरशी भांडतं. पण अब्बांनी बाही सरसावून ब्रश हातात घेतला होता. "चल, थांबायचं नाय आता," ते म्हणाले, आणि मी थांबवलं नाही. जे माझं काम, ज्याचा मला पगार मिळतो, ते मी बोलले नाही. आज विचार करते तेव्हा कारण दिसतं. त्यांना नाही म्हणायची मला सवयच नव्हती. दोन वर्षांनी एकदा येणाऱ्या माणसाला कोण नाही म्हणतं?

दुसऱ्या दिवशी पट्टीवर दुधाळ साय धरलेली होती. बोट लावलं तर चिकटत होतं. तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी अब्बा पट्टीकडे बघत उभे राहिले आणि म्हणाले, "तुला ठाऊक होतं?"

"हो."

"मग बोलली का नायस?"

मी पट्टीवरची साय नखानं उकरत बसले. त्यांनी पुन्हा विचारलं, जरा मोठ्यानं. मी काही बोलले आणि आपल्याला ते ऐकू आलं नाही, असं त्यांना वाटलं असावं. म्हणून मीही मोठ्यानंच बोलले, हवं होतं त्यापेक्षा जास्त मोठ्यानं. "तुम्ही घरी होतात कधी, बोलायला?"

खाली अम्मीच्या हातातलं भांडं थांबलेलं मला कळलं.

 अब्बांनी खिडकीतली फुटकी काच काढली, तिचा एक सरळ कडेचा तुकडा मला दिला, एक स्वतः घेतला, आणि आम्ही पट्टीच्या दोन टोकांना बसून तो चिकट थर खरवडायला लागलो. रोज संध्याकाळी मी कामावरून आले की चहा घ्यायचा आणि खरवडायला बसायचं. आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत आम्ही जितकं बोललो तितकं त्याआधीच्या तीस वर्षांत बोललो नव्हतो. हात कामात असले आणि नजर खाली असली की बोलणं सोपं जातं. मी त्यांना सांगितलं, दहावीच्या निकालादिवशी अम्मीनं पेढे वाटले आणि मी वर येऊन रडले. त्यांनी मला सांगितलं, मस्कतच्या खोलीत ते उशीखाली माझं शाळेचं ओळखपत्र ठेवायचे. एका सुट्टीत ते माझ्या दप्तरातून त्यांनी गुपचूप काढून नेलं होतं. ते हरवलं म्हणून मला शाळेत दंड झाला होता.

"तुम्ही घेतलंत?" मी काच हातातून ठेवलीच.

"फोटो चांगला होता," ते म्हणाले.

खरवडता खरवडता भुशाची भरण निघून आली. खाचा पुन्हा उघड्या पडल्या. आणि तेव्हा मी एक गोष्ट काढली. म्हटलं, आता भरायचंच आहे पुन्हा, तर पांढऱ्या लाकडाच्या बारीक पट्ट्या बसवू. पडदे नसतील, पण त्यांच्या जागी रेघा दिसतील. स्वर कुठे आहे ते बघून कळेल.

"कशाला? कान हायत ना."

"आहेत. पण पुढं—"

वाक्य पुरं करायची गरज नव्हती. त्यांनी काच खाली ठेवली आणि उठून गेले. तीन दिवस ते वरच्या खोलीत आले नाहीत. जेवताना अम्मीशी बोलायचे, माझ्याशी नाही. मी एकटीच खाचांतला उरलासुरला थर काढत बसायचे. त्याच दिवसांत हवा पालटली. न्हाणीघराचं दार नुसत्या हातानं लागलं. बाहेर ऊन असं पांढरं पडलं की चवदार तळ्याच्या पायऱ्यांकडे बघवत नव्हतं, आणि रेझिन लावायला याहून चांगला दिवस नाही असा रोज एकेक दिवस उगवत आणि मावळत होता.

चौथ्या दिवशी मी कामावरून आले तर बेस घरात नव्हता. अम्मी म्हणाली, "सकाळच्या गाडीनं पोलादपूरला गेले. शितारामकडे."

सीतारामकाका सुतार. अब्बा आणि ते शाळेत एका बाकावर. त्यांचं घर पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत. पुढे अंगण, मागे दोन-चार खाचरं भात. अब्बा मेमध्ये आले की एक दिवस तिकडे जायचेच. ते संध्याकाळी परत आले ते रिकाम्या हातानं. मला म्हणाले, "बेस तिथंच हाय. शिवणीच्या लाकडाच्या पट्ट्या कापून बसवतोय तो. पांढरं असतं शिवण. सुट्टी कधी हाय तुला? तिथंच लावू. त्याच्या माळ्यावर ओल नाय."

बस, एवढंच.  तिथे काय झालं होतं ते सीतारामकाकांनीच मला नंतर सांगितलं, ओट्यावर बसून विडी वळता वळता.

"लय येळ रंध्यावर हात फिरवत बसला व्हता. मग म्हनला, शित्या, पोरीला वाटतं मी बहिरा व्हणार. मी म्हनलं, व्हणारच हायस रे. डाक्टरनं सांगितलंय ना? मग पोरीवर कशाला राग? ती रेघा कशाला मागते? तू बंद करावंस म्हनून मागते का? तू वाजवत रावास म्हनून मागते. तवा रडला. माझ्यासमोर रडला युसफ्या. शाळेत मार खाऊन कधी रडला नाय."

सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघं पहिल्या गाडीनं निघालो. नदीवर धुकं होतं आणि दोन्ही बाजूंना भात पिवळं झालेलं. काही खाचरांत कापणी होऊन पेंढ्या आडव्या पडल्या होत्या. अब्बा खिडकीशी. मध्येच म्हणाले, "मला वाटायचं आपलं गाव तांबडं हाय. मेमध्ये सगळी माती दिसते ना. हे पिवळं मी विसरलोच होतो." मग तोंड वळवून बसले. त्यांच्या कपाळावर खिडकीच्या गजांच्या सावल्या सरकत होत्या.

सीतारामकाकांच्या अंगणात भाताचे भारे रचून ठेवले होते आणि काकू पदर खोचून झोडणीला उभ्या होत्या. फळीवर भात आपटलं की दाणे खाली आणि कूस-भुसा वर, हवेत. ओल्या रेझिनवर त्यातला एक कण जरी पडला तरी कायमचा राहणार. मी संकोचून काकांना तसं सांगितलं. म्हटलं, आपण पुढच्या आठवड्यात करू.

काकूंनी ते ऐकलं. हातातली पेंढी खाली ठेवली. "भाऊंची गितार व्हऊ दे आज. भात काय पळून जात नाय. उद्या झोडू."

"अगो, पाऊस आला तर?" काका म्हणाले.

"तर आला," काकू म्हणाल्या, आणि अंगणात पाणी शिंपडून धूळ बसवली.

माळ्यावर शिसवी पट्टी काकांनी घासून आरशासारखी गुळगुळीत केली होती. काळसर लाकडात वीस बारीक फिकट रेघा. अब्बांनी त्यांवरून बोट फिरवलं. काही लागलं नाही बोटाला, नुसतं दिसत होतं. "चांगलं केलंस," ते म्हणाले. कुणाला म्हणाले ते आम्ही दोघांनीही विचारलं नाही.

कडांना चिकटपट्टी लावून मी रेझिन आणि हार्डनर वजनकाट्यावर मोजलं, एकाच दिशेनं सावकाश ढवळलं. पहिला हात पातळ, लाकडाची छिद्रं बुजवण्यापुरता. छिद्रांतली हवा बुडबुडे होऊन वर येते. लायटरची ज्योत वरून झर्कन फिरवली की बुडबुडा फुटतो. क्षणभर जास्त थांबली तर रेझिन करपतं. मी ज्योत धरली आणि अब्बांनी बॅटरी. ते प्रकाश तिरका पाडून बुडबुडे शोधत होते. "इथं एक. इथं, तुझ्या अंगठ्याजवळ. हा गेला. हा बघ, लपलाय." दोघांची डोकी जवळजवळ टेकलेली. त्यांच्या केसांना खोबरेल आणि अत्तराचा वास होता. मला आठवतं, मला वाटलं होतं, अजून बुडबुडे असावेत. खूप असावेत.

चार-चार तासांच्या अंतरानं तीन हात दिले. मधल्या वेळात काकूंनी तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या जवळ्याची चटणी वाढली. अब्बा जेवता जेवता दोनदा उठून माळ्याच्या शिडीवरून डोकावून आले. तिसऱ्या हातानंतर पट्टीत कौलं दिसायला लागली, उलटी, एकेक स्पष्ट. आम्ही तिथेच मुक्काम केला.

सकाळी उठलो तर पश्चिमेकडून ढग चढत होता. काकूंनी एकदा वर बघितलं आणि कुणाला काही न म्हणता भारे सोडायला घेतले. मग काका, मग मी, आणि मग अब्बांनी लुंगी वर बांधली. हातात पेंढी घेऊन ते फळीसमोर उभे राहिले. पहिली पेंढी भलतीकडेच आपटली. काकू हसल्या. दहाव्या पेंढीला त्यांचा ताल बसला. बसला म्हणजे काय, आम्हा चौघांच्या आपटण्याचा मिळून एक ठेका झाला आणि तो अब्बा चालवत होते, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. काका दमून मागे पडले की अब्बा त्यांच्यासाठी थांबायचे. काकू घाईला आल्या की ते स्वतःची पेंढी जरा जड पाडायचे. कुणाला काही न सांगता त्यांनी सगळ्यांना धरून ठेवलं होतं. बँडमध्ये बेस काय करतो हे मला कुणी समजावलं नव्हतं. ते मला त्या अंगणात समजलं.

शेवटचा भारा झोडून होईपर्यंत चार थेंब पडले. मग ढग घाटाकडे निघून गेला. अब्बांच्या तळहाताला फोड आले होते आणि ते सगळ्यांना दाखवत होते.

आठवडाभर रेझिन मुरू दिलं. मग घरी आणून पाण्यात भिजवलेल्या पॉलिश पेपरनं घासणं, आधी खरखरीत, मग बारीक, मग त्याहून बारीक. पांढरं पाणी निघायचं आणि पट्टी आंधळी व्हायची, आणि शेवटी गाडी चकाकवायचं पॉलिश लावलं की पुन्हा डोळे उघडायची. दिवाळीच्या सुमारास अब्बांनी तारा चढवल्या.

पहिल्यांदा त्यांनी बेस बाजारातून आणलेल्या अॅम्प्लिफायरच्या मशीनला जोडलाच नाही. मांडीवर घेतला, मान वाकवून बेसच्या शिंगासारख्या वरच्या टोकाला जबडा टेकवला, म्हणजे लाकडातला आवाज हाडातून कानात जावा, आणि खालची तार छेडली. मला जवळपास काहीच ऐकू आलं नाही. त्यांना आलं. त्यांनी डोळे मिटले होते.

मग मशीन लावलं. बोट एका रेघेवरून निघालं आणि दुसरीवर पोचायच्या आत मध्ये कुठेतरी इतका वेळ रेंगाळलं की मी पुढे वाकले. तो आवाज कसा होता ते मला नीट सांगता येणार नाही. जाड होता, पण जड नव्हता. कुणीतरी ओठ मिटून काहीतरी आठवत असावं, तसा. खाली फळीवरच्या स्टीलच्या भांड्यांनी त्याला साथ दिली, थरथरून.

अम्मी जिन्यात आली. हात ओले. उंबऱ्यापाशी उभी राहिली. बराच वेळ ऐकलं तिनं. अब्बांनी डोळे उघडले, ती दिसली, आणि ते थांबले.

"हे वाजवत होतात होय, इतकी वर्षं?"

"नाय," अब्बा म्हणाले. "असं आजच वाजलं."

अम्मी आत येऊन खाली बसली. कमरेला हात पुसले आणि म्हणाली, "मग वाजवा. भाजी करपली तर करपली."

तो हिवाळा तसाच गेला. आणि त्यापुढचाही. त्यानंतर माझं लग्न झालं, इकडे नोकरी लागली, मी गुजरातेत आले. कान डॉक्टरांनी सांगितलं तसेच गेले, त्याच क्रमानं. आधी अब्बांना दारावरची बेल ऐकू येईनाशी झाली, मग अम्मी, मग फोनवरची मी. कानात घालायचं यंत्र आणलं. माणसांचं बोलणं त्यातून थोडं कळतं, पण सगळे आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखे वाटतात म्हणून ते वाजवताना काढून ठेवतात. आता व्हिडिओ कॉल लागला की अम्मी बोलते आणि अब्बा शेजारी बसून माझ्या ओठांकडे बघतात. थोड्या वेळानं कंटाळतात, बेस घेतात आणि मोबाइलसमोर वाजवून दाखवतात. फोनच्या एवढ्याशा स्पीकरमधून तो जाड आवाज येतच नाही. तारांवर बोटं घासल्याची खसखस तेवढी येते. मी त्यांची बोटं बघत राहते. त्या फिकट रेघांवर नजर ठेवून ते एकेक स्वर शोधतात, रेघेवर आले की हुंकार दिल्यासारखी मान हलवतात. ते मला ऐकू शकत नाहीत आणि मी त्यांना. असे आम्ही पंधरा-वीस मिनिटं बसतो.

मला कधी कधी वाटतं, त्या आठ दिवसांत मी अजून काय काय विचारायला हवं होतं. मस्कतला ईदच्या दिवशी ते काय खायचे. परत यायचं विमान पकडताना बँडमधल्या कुणी निरोप दिला का. पट्टी खरवडत असताना ते जे गुणगुणायचे ते कुठलं होतं. तेव्हा वाटलं होतं, आता ते घरीच आहेत, विचारू सावकाश. आता प्रश्न कागदावर लिहून दाखवावे लागतात, आणि लिहिलेल्या प्रश्नाला माणूस लिहिल्यासारखंच उत्तर देतो. मोजकं. "बिर्याणी," ते म्हणतात.

यंदा सुट्टी काढून चार दिवस महाडला गेले होते. हवा नुकतीच सुकली होती. अब्बा मला सोडायला एसटी स्टँडवर आले, नको म्हणत असताना. अम्मीनं मला घरूनच निरोप दिला, तिचे गुडघे दुखतात. गाडी लागली, मी चढले, खिडकीपाशी जागा मिळाली. ते खाली उभे. यंत्र घरीच विसरले होते. मी हातानं विचारलं, जाल ना नीट? त्यांनी मान हलवली.

गाडीचं इंजिन सुरू झालं. फलाटावर गर्दी होती, बाजाराला आलेल्या बायका, कॉलेजची मुलं, बिरवाडीचे कामगार. अब्बा खिडकीजवळ आले. काहीतरी हळूच सांगावं तसा त्यांनी चेहरा केला, अगदी जवळ, कानात सांगतात तसा. पण स्वतःचा आवाज किती मोठा येतोय हे आता त्यांना कळत नाही.

"तू लहान होतीस तेव्हा तुला खांद्यावर घेऊन फिरवलं नाय मी!" ते ओरडले. "राहून गेलं, नसीम!"

सगळा स्टँड वळून बघायला लागला. एक बाई टोपली उतरवता उतरवता थांबली. अब्बांना वाटत होतं ते माझ्याशी कुजबुजतायत. चेहऱ्यावर तेच होतं, फक्त माझ्यासाठीचं. मी खिडकीतून हात बाहेर काढला, त्यांच्या गालावर ठेवला. दाढी टोचली. मला जे म्हणायचं होतं ते ओठांनी सावकाश म्हणू लागले, पण गाडी हलली आणि हात सुटला. ते तिथेच उभे राहिले, तळहात गालावर ठेवून, जिथे माझा होता तिथे.

गाडी हायवेला लागेपर्यंत मी बाहेरच बघत होते. कंडक्टर तिकीट द्यायला आला. तरुण होता. तिकिटाचं यंत्र हातात घेऊन जरा घुटमळला.

"वडील का तुमचे?"

"हो."

"ऐकायला कमी येतं वाटतं त्यांना."

"अजिबात येत नाही," मी म्हटलं. "पण वाजवतात छान."